पावणेआठचा चंद्र

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी साळसूद वाटायला नको. ती वाईट नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं, निदान चारचौघींत तोंड उघडता आलं असतं. ती नाशिकची, इंजिनिअर, गावाबाहेरच्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. माझा दीर आणि ती सिविल लाइंसमध्ये राहतात. रविवारी ती आमच्याकडे आली की सासूबाई सकाळपासून कान दाराकडे लावून बसतात. मी तर घरातच असते, त्यामुळे माझ्यासाठी कुणी कान लावण्याचा प्रश्नच येत नाही.

माझं माहेर झाशीचं आणि सासरही झाशीचं. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेली. आम्ही मराठी बोलतो ते उंबऱ्याच्या आत, आणि तेही हिंदीत बुडवून काढलेलं. मी धुक्याला कोहरा म्हणते, आणि जिन्यावरून कुणी आलं की तोंडातून आधी ‘कौन है’ निघतं. सासूबाई मला दुरुस्त करतात. जाऊ बोलायला लागली की मात्र त्या हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवून ऐकतात. त्यांचं माहेर पुण्याकडचं. त्यांना त्या बोलण्यात काय सापडतं ते मला कळतं, पण कळलं म्हणून काही बरं वाटत नाही.

आमच्या जुन्या घरांतल्या चालीप्रमाणे मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते. लग्नात मला तसंच शिकवलं होतं. जाऊ आली ती दुसऱ्या दिवसापासून त्यांना आई म्हणायला लागली. मला वाटलं, आता ऐकवतील काहीतरी. त्या नुसत्या हसल्या.

आता त्या मशीनबद्दल. सासूबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, आणि एक लहानखुरा चपटा कॉम्प्युटर घेतला. पोथ्यांच्या पेटीएवढा डबा, त्यावर छोटा पडदा. त्यावर त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, येत्या संकष्टीला झाशीत चंद्र किती वाजता उगवणार ते सांगणं. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर लागतं ते महाराष्ट्रातून येणारं, आणि त्यात वेळ असते मुंबईची. झाशी मुंबईच्या कितीतरी पूर्वेला. इथे चंद्र आधी वर येतो आणि आमच्या बायका आपल्या कॅलेंडरकडे बघत उपाशी. सासूबाईंना हे अजिबात खपलं नाही. त्या दर संकष्टीला दुपारी गावातल्या मराठी घरांत फोन करायच्या, आणि बरुआसागरला तळ्याकाठी एक काकू राहतात त्यांनाही. एकच वाक्य बोलायचं, आज चंद्रोदय अमुक वाजता, आणि फोन ठेवायचा. हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर ही वेळ दिसते. तरीही आमच्या बायका फोनची वाट बघतात. फोन आल्याशिवाय त्यांना संकष्टी लागल्यासारखी वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात ते मशीन रुसलं. बटण दाबलं की दिवा एकदा लुकलुकायचा, पंखा अंग झटकल्यासारखा हलायचा आणि सगळं गप्प. चारपाचदा दाबलं की सुरू व्हायचं, मग मध्येच बंद. जवळ गेलं की गरम वास यायचा. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आपलं नेहमीचं सांगितलं की फेंक दो, मोबाइल आहे ना. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून पेपर आणायला गेले.

रविवारी जाऊ आली. तिनं डब्याला कान लावला, बटण दाबलं, मागच्या जाळीवर हात धरला आणि म्हणाली, ‘आई, याचा पॉवर सप्लाय गेलाय. बाकी मशीन ठणठणीत आहे. पण हा छोटा डबा आहे ना, यात साधा सप्लाय बसत नाही. मी ऑनलाइन शोधते.’ सासूबाईंचा चेहरा असा उजळला, जणू तिनं सप्लाय बसवूनच दिला. मग त्या माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून म्हणाल्या की आता माझा आवाज चिरकतो, समोरच्याला नीट ऐकू जात नाही, यापुढे फोनचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं. ज्याला मशीन कळतं त्यानंच ते हातात घ्यावं.

ज्याला मशीन कळतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात, उघड्या दारासमोर पोळ्या लाटत होते. मला वाटलं लाटणं तसंच टाकावं आणि बाहेर जाऊन सांगावं की या घरात इस्त्रीची वायर कोण बदलतं, मिक्सर कोण उघडतं, फ्यूज उडाला की शिडीवर कोण चढतं. सुनेनं केलेलं कुणाला दिसत नाही असं मी म्हणत नाही. माझं दिसत नाही, तिचं दिसतं, एवढंच माझं म्हणणं आहे. मला ते फोन हवे होते. चौदापंधरा घरांत माझ्या आवाजात वेळ जायला हवी होती. जावेला नोकरी होती, बंगल्याची बाग होती, सासूबाईंचं हसू होतं. हे एक तरी मला मिळायला काय हरकत होती?

ऑनलाइनचा सप्लाय संकष्टीच्या आत येईना. जावेनं दोनदा फोन करून तसं कळवलंही, तेही मला नाही, त्यांना. तेव्हा मी ठरवलं की हे मशीन मीच चालू करणार.

दुपारी सासूबाई झोपल्यावर मी डबा उघडला. त्याआधी प्लग काढून सकाळपासून तसाच ठेवला होता, तेवढं मला माहीत आहे. आत सगळं दाटीवाटीनं बसवलेलं. सप्लाय म्हणजे एका कडेला लांबट, अरुंद पत्र्याची पेटी, तिच्यातून वायरींचा झुबका निघालेला. कुठली वायर कुठे जाते याचे मोबाइलवर फोटो काढले, स्क्रू चहाच्या बशीत ठेवले आणि ती पेटी भाजीच्या पिशवीत घालून मानिक चौकात गेले. तिथल्या गल्लीत वर चढून एक दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर जुन्या प्रिंटरांचा ढीग, आत एक भैया, ज्याला काम करण्यापेक्षा बोलणं आवडतं. त्याला पेटी दिली. तो आधी माझ्या भावाबद्दल, मग माझ्या वडिलांच्या दुकानाबद्दल बोलला, मग त्यानं पेटीचे स्क्रू काढले आणि थांबला.

‘भाभी जी,’ तो म्हणाला, ‘ईमें तो चाउर भरे हैं। पूजा करत हौ का ईकी?’

पेटीत तांदूळ होते. लाल तांदूळ. पंख्याच्या पात्यांत अडकलेले, तळाशी साचलेले, आणि सगळ्यावर कुंकवाचा थर. मला एका क्षणात सगळं समजलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पुजतात. विळी, हातोडा, पाना, ह्यांची स्कूटर, आणि गेली कित्येक वर्षं हा कॉम्प्युटर. इतर सगळ्यांची पूजा मी करते. याची मात्र सासूबाई स्वतः करतात, हळदकुंकू लावतात आणि मूठभर अक्षता सढळ हातानं वाहतात. वर जाळी आहे. त्या अक्षता दरवर्षी थोड्या थोड्या आत गळत होत्या. पंखा अडला, आतलं तापत गेलं, आणि ज्या दोन छोट्या नळकांड्यांवर सगळी मदार असते ती फुगून बसली होती. सासूबाईंनी आपलं मशीन भक्तीनं मारलं होतं.

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की हे घरी सांगायची सोय नाही. जावेनं सांगितलं असतं तर ती हसत हसत म्हणाली असती, आई, तुम्ही तर याला जेवूच घातलंत, आणि त्याही पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. तेच मी बोलले असते तर ते टोमणा म्हणून गेलं असतं. एकच गोष्ट, पण तिच्या तोंडून गंमत आणि माझ्या तोंडून आगाऊपणा. त्या दिवशी त्या दुकानात उभी राहून मला याचा इतका राग आला की भैयानं दोनदा विचारलं, पानी पियोगी का.

त्यानं ढिगात हात घालून तसलीच लांबट पेटी काढली, कुठल्याशा दुकानाच्या मोडीत गेलेल्या बिलाच्या मशीनमधली. लावून बघितली, पंखा फिरला. ती घेऊन मी घरी आले, फोटो बघून वायरी जोडल्या, पेटी बसवली. शेवटी बशीत एक स्क्रू उरला. तो कुठला ते अजून सापडलेलं नाही.

बटण दाबलं आणि ते पहिल्या झटक्यात चालू झालं. पंख्याचा आवाज असा एकसारखा की मला तो ऐकत बसावंसं वाटलं. सुरू होताना पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, एक कळ दाबा म्हणून. मी दाबली. मग सासूबाईंचा प्रोग्रॅम उघडला. त्यांना पसारा आवडत नाही, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर दोनच ओळी येतात. ‘येती संकष्टी’ एवढेच शब्द, तारीखही नाही, आणि खाली चंद्रोदय. पावणेआठ.

त्या उठून बाहेर आल्या. डब्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. ‘गार आहे,’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘ती येऊन गेली का?’

‘मी केलं, आत्याबाई. मानिक चौक से सप्लाय आणला आणि मीच बसवला.’

त्यांनी माझं ‘चौक से’ दुरुस्त केलं नाही. मी असं गृहीत धरलं होतं की मला आनंद होईल, पण माझं सगळं लक्ष त्या आता जावेचं नाव घेतात का याकडे होतं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, मग या वेळचे फोन तूच कर.

ती संकष्टी पौषातली होती. हीच इथल्या लोकांची सकट चौथ. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सगळ्या हिंदी घरांतल्या बायकाही मुलांसाठी उपास करतात, तीळ कुटून ठेवतात आणि चंद्राची वाट बघतात. सकाळपासून कोहरा, नव्हे धुकं, इतकं की समोरच्या घराचा सज्जा दिसत नव्हता. अशा दिवशी चंद्र दिसणं अवघड, म्हणजे सगळी भिस्त फोनवर. मी दुपारी नीट साडी नेसून फोन करायला बसले. फोन करायला साडी कशाला, असं ह्यांनी विचारलं. मी पहिला नंबर लावला.

एकेका घरी वेळ सांगितली. कुणी विचारलं, आज त्या नाहीत का? मी म्हटलं, यापुढे मीच. एका काकूंनी माझ्या ‘पावणेआठ बजे’ला हसून ‘वाजता गं’ असं सुधारलं, ते मी हसून घेतलं. बरुआसागरच्या काकू म्हणाल्या की तळ्यावर आज काही दिसायचं नाही, बरं झालं सांगितलंस. जावेचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तिनं आधी विचारलं, सप्लाय कुठला मिळाला, किती वॅटचा. खरंच उत्सुकतेनं विचारलं असावं. मी म्हटलं, बसतो तो बसवला. मग वेळ सांगितली.

‘पावणेआठ?’

‘हो, पावणेआठ.’

ती जराशी थांबली. मग ‘बरं, वहिनी’ एवढंच म्हणाली. मला वाटलं, जळली. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मोदकाचं सारण परतताना मी गुणगुणत होते.

संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत त्यांचा मोबाइल वाजला. दार लोटलेलं होतं. हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं, थोडंसंच. मी कान दिला, पण कुकरच्या शिट्टीत काही ऐकू आलं नाही. फोन जावेचा आहे हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं होतं. माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय, असं मी धरून चालले. दुसरं काय असणार?

पावणेआठच्या थोडं आधी सासूबाई बाहेर आल्या. पाटावर बसायच्या आधी मला विचारलं, ‘किती म्हणालीस?’

मी वेळ परत सांगितली. त्यांनी एकदा कॉम्प्युटरकडे बघितलं, एकदा गॅलरीतून बाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे. मग पूर्वेला तोंड करून अर्घ्य दिलं, नमस्कार केला आणि म्हणाल्या, ‘पानं घे.’ आम्ही जेवलो. त्यांनी दोन मोदक खाल्ले, तिसरा अर्धा घेतला. मोदक चांगले झालेत असं त्या सहसा म्हणत नाहीत, त्या दिवशीही म्हणाल्या नाहीत.

मागचं आवरून मी दोरीवर राहिलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. शेजारच्या गच्चीवर शेजारीण शाल गुंडाळून, थाळी घेऊन उभी होती. तिची सासू, जाऊ, सगळ्या रांगेत. मी विचारलं, अभी तक खड़ी हो?

‘चंदा तो निकरन देओ,’ ती म्हणाली. ‘पंडित जी ने नौ के आसपास कई है।’

मी तिथेच उभी राहिले. शेजारणीनं मला काहीतरी विचारलं असेल, मला आठवत नाही. नऊच्या सुमारास धुकं एका ठिकाणी जरा पिवळं झालं, मग त्यातून एक मळकट, लालसर तुकडा दिसला, आणि शेजारच्या गच्चीवर थाळ्या हलल्या. आमच्या साऱ्या मराठी बायका तोवर जेवून, हात धुऊन, टीव्हीसमोर बसल्या होत्या. माझ्या एका वाक्यावर.

खाली आले तेव्हा सासूबाई पांघरूण घेऊन जप करत होत्या. मी म्हटलं, ‘आत्याबाई, चंद्र आता निघाला. अभी.’

‘असं का,’ त्या म्हणाल्या. ‘धुक्यात काही समजत नाही.’ आणि माळेचा पुढचा मणी ओढला.

त्या मला काही बोलतील म्हणून मी दोन दिवस वाट बघितली. काही बोलल्या नाहीत. कुठल्याही घरातून तक्रारीचा फोन आला नाही. बरुआसागरच्या काकूंनी तर मोदक कसे झाले ते विचारलं. मला वाटायला लागलं की कुणाला कळलंच नाही, आणि तेवढ्यापुरती मी निवांत झाले.

रविवारी जाऊ आली. सोबत छोटी गोल बॅटरी आणली होती. सासूबाईंसमोर काही न बोलता तिनं डबा उघडला, बॅटरी बदलली, डबा बंद केला, मशीन सुरू करून त्यातलं घड्याळ लावलं. मग स्वयंपाकघरात माझ्या मागे आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. मशीनला आपलं एक घड्याळ असतं, ते या बॅटरीवर चालतं. बॅटरी जुनी झाली होती. मी प्लग दिवसभर काढून ठेवला आणि ते घड्याळ कुठल्यातरी भलत्याच सालात जाऊन बसलं. त्या वेळी पडद्यावर जे इंग्रजीत आलं होतं ते हेच सांगत होतं. प्रोग्रॅमनं चंद्रोदय बरोबर काढला होता, पण त्या सालातल्या संकष्टीचा. आई नेहमी आधी घड्याळ बघून मगच प्रोग्रॅम उघडतात, असंही तिनं सांगितलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं.

‘म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं,’ मी म्हटलं.

‘हो. मोबाइलवर नऊ दाखवत होतं. तुम्हाला सांगायला मला बरं वाटेना, म्हणून संध्याकाळी आईंना फोन केला. म्हटलं, तुम्हीच सांगा वहिनींना, अजून वेळ आहे, सगळ्यांना परत फोन करता येतील.’

‘मग?’

जाऊ ओट्यावरचं फडकं घडी करत राहिली. ‘त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, वेळ ऐकली तेव्हाच कळलं. पण तिनं पहिल्यांदा स्वतः सगळ्यांना सांगितलंय. आता परत फोन करून तिला खोटं पाडायचं नाही. आज चंद्र ती म्हणते तेव्हाच उगवेल, आणि तूही तेव्हाच जेव.’

‘आणि तू जेवलीस?’

‘जेवले.’

मी गॅस बारीक केला. आत सासूबाईंचा रेडिओ चालू होता. त्यांनी उभ्या आयुष्यात संकष्टीचा उपास मिनिटभर आधी सोडलेला नव्हता, तापात सुद्धा नाही, आणि माझ्यासाठी त्या धुक्याकडे तोंड करून हात जोडून जेवायला बसल्या होत्या. मी रडायला हवं होतं. जावेलाही तसंच वाटलं असावं, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

पण माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, आणि अजूनही आहे. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल त्या जे सगळ्यांत चांगलं बोलल्या, ते तिच्याशी बोलल्या.